काठी उलट्या हातात का धरायची? चालण्यामागचं तरफेचं गणित

आईचा उजवा खुबा गेली चार वर्षं दुखतोय. कूर्चा झिजलीये, एक्सरेमध्ये हाडांच्या मधली फट जवळपास दिसतच नाही, ऑपरेशन कधी करायचं यावर घरात दर महिन्याला एकदा बोलणं होतं. दिवाळीनंतर शेवटी काठी आणली. आईने ती सरळ उजव्या हातात धरली, कारण दुखतोय उजवा पाय, मग आधार पण उजवीकडेच हवा. मलाही तेच बरोबर वाटलं, मामा पण तेच म्हणाला, शेजारच्या काकू पण. दोन आठवडे ती अशीच भाजी आणायला जात होती, उजव्या हातात काठी आणि डाव्या हातात पिशवी. मग फिजिओथेरपिस्ट मॅडमनी बघितलं आणि बसायच्या आधीच तिच्या हातातली काठी काढून डाव्या हातात दिली. आई म्हणाली, "अहो, पण दुखतोय हा पाय." त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

त्या "म्हणूनच"चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी मेकॅनिकलवाला, वर्कशॉपमध्ये रोज बल, भार, पाना, टॉर्क हेच करतो, आणि घरात आईच्या खुब्यावर तेच गणित चालू होतं तर माझ्या लक्षात आलं नाही. त्या रात्री कागद घेऊन बसलो, नंतर या विषयावर बरंच वाचलं. बायोमेकॅनिक्स म्हणतात याला, म्हणजे शरीराच्या हालचालीतली बलं आणि गती मोजायचं शास्त्र. ज्यांच्या घरात कोणाचा ना कोणाचा गुडघा किंवा खुबा दुखतोय त्या सगळ्यांना यातलं थोडं तरी माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितोय.

सुरुवात भाजीच्या पिशवीपासून करू. कोपर नव्वद अंशात वाकवा आणि तळहातावर 5 किलोची पिशवी धरा. दंडाच्या स्नायूला किती जोर लावावा लागत असेल? पटकन उत्तर येतं 5 किलो, फार तर थोडा जास्त. प्रत्यक्षात तो साधारण 40 किलोचा जोर लावत असतो. (शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात, एक किलोचं वजन म्हणजे साधारण 9.8 न्यूटन, पण आपण किलोचा जोर असंच म्हणू, डोळ्यासमोर येतं.)

कारण शाळेतली तरफ. टेकू, भार आणि बल. कात्री पहिल्या प्रकारची, अडकित्ता दुसऱ्या, चिमटा तिसऱ्या. आपला हात चिमट्याच्या प्रकारातला. टेकू कोपराच्या सांध्यात, पिशवी तिथून साधारण 35 सेंटीमीटर लांब, आणि दंडाचा स्नायू जिथे हाडाला चिकटतो ती जागा कोपरापासून फक्त 5 सेंटीमीटरवर. तरफेचा नियम असा की भार गुणिले त्याचं टेकूपासूनचं अंतर बरोबर बल गुणिले त्याचं अंतर. पिशवीचे 5 गुणिले 35 म्हणजे 175, त्यात हाताचं स्वतःचं वजन धरलं की 200 च्या आसपास, भागिले 5, झाले 40. दार कधी बिजागरीजवळ ढकलून बघितलंय? कडीपाशी एका बोटाने उघडणारं दार तिथे अख्खा तळहात लावून पण नीट हलत नाही. आपल्या शरीरातले बहुतेक मोठे स्नायू आयुष्यभर बिजागरीजवळच दार ढकलत असतात.

शरीर असं का बनलं? कारण त्याच्या बदल्यात वेग मिळतो. स्नायू एक सेंटीमीटर आखडला की हात सात सेंटीमीटर हलतो. दगड मारायला, पळायला, पटकन पाय उचलायला हेच उपयोगी. फक्त किंमत सांध्याला द्यावी लागते, कारण स्नायूने 40 किलोने ओढलं की ती ओढ सांध्यातली हाडं एकमेकांवर दाबूनच पूर्ण होते. वजनकाट्यावर दिसतं ते वजन आणि सांध्यावर पडतो तो भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखात सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं यातूनच निघतं.

सतराव्या शतकात इटलीत जोव्हान्नी बोरेल्ली नावाच्या गणितज्ञाने हे पहिल्यांदा नीट मांडलं. त्याच्या आधी लोकांना वाटायचं की स्नायू थोड्या जोरात मोठं वजन उचलतात, याने दाखवलं की बरोबर उलटं आहे, स्नायूंना उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. त्याचं काम 1680 मध्ये छापून आलं, तेव्हा तो गेलेला होता.

आता आईच्या खुब्याकडे येऊ.

चालताना प्रत्येक पावलात अशी वेळ येते की एक पाय हवेत असतो आणि सगळं शरीर दुसऱ्या एका पायावर. आईचं वजन 60 किलो धरा. ती उजव्या पायावर उभी आहे, डावा पाय हवेत. एक अख्खा पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा, तेव्हा उजव्या खुब्याच्या वर जे काही लटकतंय ते झालं 50 किलो. हे 50 किलो खुब्याच्या बरोबर वर नसतात, खुबा उजवीकडे आणि शरीराचा मध्य डावीकडे, मध्ये साधारण 10 सेंटीमीटर अंतर. म्हणजे कमरेचं हाड डावीकडे कलंडायला बघतं. ते कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस, त्याला खाली ओढून धरतो. कुल्ल्याच्या वरच्या बाजूला, पँटच्या शिवणीच्या थोडं मागे बोटं ठेवा आणि एका पायावर उभे राहा, तो स्नायू बोटांखाली कडक झालेला लगेच कळतो. हा स्नायू खुब्याच्या मध्यापासून, म्हणजे इथल्या टेकूपासून, साधारण 5 सेंटीमीटरवर ओढतो.

50 गुणिले 10 म्हणजे 500, भागिले 5, म्हणजे स्नायूचा जोर 100 किलो. आणि सांध्यावर? वरून शरीराचे 50 आणि स्नायूने खाली ओढलेले 100, एकूण 150 किलो. साठ किलोची बाई, खुब्यावर दीडशे किलो, प्रत्येक पावलाला. हातापायांची अंतरं माणसागणिक बदलतात, स्नायू थोडा तिरका ओढतो, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत, पण अडीच पट हे उत्तर अगदी खऱ्याच्या जवळ आहे, ते कसं कळलं ते पुढे सांगतो.

आता काठी डाव्या हातात द्या. काठीचं टोक उजव्या खुब्यापासून साधारण 35 सेंटीमीटरवर पडतं. आईने काठीवर फक्त 6 किलोचा जोर दिला, म्हणजे जमीन काठीतून 6 किलोने वर ढकलते, आणि ते ढकलणं कलंडणाऱ्या कमरेला डावीकडून उचलून धरतं. 6 गुणिले 35 म्हणजे 210. स्नायूला 500 सांभाळायचे होते, आता उरले 290. भागिले 5, म्हणजे 58 किलो. सांध्यावर 58 अधिक 50 वजा 6, बरोबर 102. सहा किलोचा आधार दिला आणि खुब्यावरचे 48 किलो उतरले! कागदावर हे उत्तर आलं तेव्हा मी तीनदा तपासलं. कारण एवढंच की काठीला लांब भुजा, म्हणजे टेकूपासूनचं अंतर, मिळाली, स्नायूला मिळते त्याच्या सातपट.

आणि तीच काठी उजव्या हातात असली तर काय होतं? काठी खुब्याच्या बाहेरच्या बाजूला पडते आणि जमिनीचं वर ढकलणं उजवीकडून येतं. कंबर आधीच डावीकडे कलंडतेय आणि त्यात आपण उजवी बाजू वर उचलतोय, म्हणजे स्नायूचं काम वाढवतोय. ते भागवायला मग माणूस काठीवर अख्खं अंग टाकून चालतो, त्यात पाठ आणि खांदा धरतो. आईचा उजवा खांदा त्या दोन आठवड्यांत का दुखायला लागला होता ते मला तेव्हा कळलं.

पिशवीचं तर अजून वाईट. डाव्या हातात 3 किलोची भाजी म्हणजे 3 गुणिले 35, म्हणजे 105 चा जास्तीचा कलंडा, तो धरायला स्नायूचे 21 किलो जास्त आणि पिशवीचे स्वतःचे 3, खुब्यावर 24 किलो वाढले. तीच पिशवी उजव्या हातात, म्हणजे दुखऱ्या बाजूला घेतली तर ती स्नायूलाच मदत करते, खुब्यावरचा भार वाढायच्या ऐवजी थोडा कमीच होतो. ऐकायला विचित्र वाटतं ना, दुखऱ्या बाजूने वजन घ्या म्हणून सांगायचं? पण गणित तसं आहे, आणि काठी डावीकडे गेली की पिशवी आपोआप उजवीकडे येतेच. हलकी पिशवी हं, दहा किलोचं पीठ नव्हे. अर्थात आईने दोन आठवडे दोन्ही गोष्टी बरोबर उलट्या केल्या होत्या आणि आम्ही सगळे तिला शाबासकी देत होतो.

अजून एक. खुबा दुखणारी माणसं चालताना दुखऱ्या बाजूला झुकतात, झोकांडी दिल्यासारखं. घरचे म्हणतात नीट सरळ चाल ना. पण बघा, उजव्या पायावर भार असताना अंग उजवीकडे झुकवलं की शरीराचा मध्य खुब्याच्या जवळ येतो, 10 सेंटीमीटरचे समजा 6 झाले. 50 गुणिले 6 म्हणजे 300, भागिले 5 म्हणजे 60, सांध्यावर 110. चाळीस किलो उतरले. कोणी शिकवलं नाही, कागद नाही, पेन नाही, तरी शरीराने स्वतःहून भारभुजा कमी केली. मी हे कळल्यापासून आईला सरळ चाल म्हणणं बंद केलं. काठी बरोबर हातात आली की झोकांडी बरीचशी आपोआप कमी होते, कारण मग तिची तेवढी गरज उरत नाही.

आता प्रश्न असा की हे सगळं कोणी मोजलं कसं. जिवंत माणसाच्या सांध्यात काटा तर घालता येत नाही. (येतो खरंतर, तेही सांगतो.)

एक प्रयोग घरी करता येतो. जुना काट्याचा, म्हणजे सुईवाला वजनकाटा असेल तर त्यावर उभे राहा आणि पटकन खाली बसा. सुई आधी खाली जाते, तुमचं वजन दहा-पंधरा किलोने कमी दाखवते, मग खाली थांबताना झटक्यात नेहमीपेक्षा वर जाते. वजन बदललेलं नाही, बदललं ते जमीन तुम्हाला किती जोरात वर ढकलतेय ते. शरीर खाली वेग घेतंय तेव्हा जमिनीला कमी ढकलावं लागतं, ते थांबवताना जास्त. न्यूटनचा दुसरा आणि तिसरा नियम एका काट्यावर दिसतो. गेट लॅबमध्ये, म्हणजे चाल तपासायच्या प्रयोगशाळेत, जमिनीत बसवलेली एक लोखंडी प्लेट असते, फोर्स प्लेट, ती म्हणजे असाच पण फार चपळ वजनकाटा, सेकंदाला हजार वेळा वगैरे वाचणारा, आणि नुसता वर-खाली नाही तर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे पण ढकलणं मोजणारा.

त्या प्लेटवरून निरोगी माणूस चालला की आलेख दोन वशिंडांच्या उंटाच्या पाठीसारखा येतो. टाच टेकून भार आला की पहिला उंचवटा, वजनाच्या साधारण 1.1 पट, मग शरीर पायाच्या वरून पुढे झोका घेतं तेव्हा खळगा, वजनापेक्षा कमी, आणि चवड्याने ढकलताना दुसरा उंचवटा. दुखऱ्या पायाचा आलेख सपाट होत जातो, माणूस सावकाश चालतो, त्या पायावर थांबतो पण कमी वेळ. हे ऐकू पण येतं. आमच्या हॉलमधून आई चालली की चपलेचा आवाज यायचा, टप, मग लगेच टप्, मग मोठी गॅप. डाव्या पायावर लांब, उजव्यावर घाईघाईत. काठी बदलल्यावर ती गॅप कमी झाली, मी स्वयंपाकघरातून ऐकत बसायचो.

ती प्लेट मागे-पुढे ढकलणं पण मोजते म्हणालो ना, ते पावसाळ्यात फार कामाचं. टाच पुढे टेकली की जमीन आपल्याला मागे ढकलते, म्हणजे ब्रेक लागतो, आणि सुटताना पुढे ढकलते. हे सगळं घर्षणावर चालतं. नेहमीच्या चालण्यात आडवं बल उभ्या बलाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं लागतं. कोरड्या फरशीला हे सहज झेपतं, शेवाळलेल्या अंगणाला किंवा साबणाच्या मोरीला झेपत नाही, आणि पाय सटकतो तो बरोबर टाच टेकताना. पाऊल जितकं लांब तितका पाय तिरका आणि आडवं बल जास्त. म्हणून निसरड्यावर आपण नकळत छोटी छोटी पावलं टाकतो, पाय जवळजवळ सरळ खाली पडतो आणि घर्षण कमी लागतं. काठीच्या टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की तिथेही हेच होतं, ते दर काही महिन्यांनी बदलायला हवं, छोटीशी गोष्ट असते आणि कोणी लक्षच देत नाही.

जमिनीचं बल कळलं. आता त्यावरून खुब्यापर्यंत कसं पोचायचं? इथे मला या शास्त्राचं खरं कौतुक वाटतं. शरीरावर ठिकठिकाणी चकाकणारे छोटे गोळे चिकटवतात, घोटा, नडगी, गुडघा, मांडी, कमरेची हाडं, आणि भोवताली आठ-दहा कॅमेरे त्या गोळ्यांची जागा सेकंदाला शंभर-दोनशे वेळा टिपतात. जागेवरून वेग काढायचा, वेगावरून त्वरण. मग सुरुवात पावलापासून. पावलाचं वजन माहीत आहे, शरीराच्या साधारण दीड टक्का, त्याचं त्वरण कॅमेऱ्याने दिलं, खालून जमीन किती ढकलतेय ते प्लेटने दिलं. तीन गोष्टी माहीत, चौथी एकच माहीत नाही, घोट्यातून किती बल येतंय. काढली. आता ते उत्तर नडगीच्या गणितात घालायचं, तिथे नवीन अज्ञात गुडघा. मग मांडी, शरीराच्या साधारण दहा टक्के वजनाची, आणि अज्ञात खुबा. विहिरीच्या पायऱ्या चढल्यासारखं एक एक सांधा वर. याला इन्व्हर्स डायनॅमिक्स म्हणतात, उलटं गणित, कारण एरवी आपण बल माहीत असताना गती काढतो, इथे गती बघून बल काढायचं.

हातापायांचं वजन कसं कळलं असं विचाराल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत ब्राउने आणि फिशर या जोडीने मृतदेह गोठवून त्यांचे भाग वेगळे करून वजनं आणि गुरुत्वमध्य मोजले, आणि मग एका सैनिकाच्या अंगावर चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून त्याला रात्रीच्या अंधारात चालवून फोटो घेतले. नुसत्या नळ्या बांधायलाच तासन्‌तास लागायचे आणि एकेका पावलाचं गणित हाताने करायला महिने. आज तेच काम कॉम्प्युटर चहा होईपर्यंत करतो, आणि 2023 मध्ये तर स्टॅनफर्डच्या लोकांनी दोन-तीन फोन स्टँडवर ठेवून, अंगावर काही न चिकटवता हे करायची पद्धत मोफत उपलब्ध करून दिली.

पण हे उत्तर जसं आहे तसं धरून चालत नाही, हे वर्कशॉपमधल्या माणसाला लगेच पटेल. पहिली अडचण मोजमापाची. शंभर फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका फ्रेममध्ये गोळ्याची जागा फक्त एक मिलीमीटर चुकली तर त्वरणात येणारी चूक गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट निघते, गणित करून बघा, तो एक मिलीमीटर जाताना आणि येताना असा दोनदा धरला जातो, आणि मग दोनदा एक-शतांश सेकंदाने भागला जातो. म्हणून आकडे आधी घासून गुळगुळीत करावे लागतात, जास्त घासले तर खरा झटका पण पुसला जातो. आणि गोळा कातडीवर आहे, हाडावर नाही, मांडीवरची कातडी तर चालताना सेंटीमीटरभर सुद्धा सरकते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. उलटं गणित एवढंच सांगतं की खुब्याला एकूण किती फिरवणारा जोर लागला. तो कुठल्या स्नायूने किती दिला ते सांगत नाही, खुब्याभोवती वीसेक स्नायू आहेत आणि समीकरणं मोजकी. चार जणांनी मिळून बिल भरलं, एकूण रक्कम माहीत, पण कोणी किती भरलं ते नाही, तसं. त्यात दोन विरुद्ध स्नायू एकाच वेळी ताणले असतील तर एकूण जोर शून्य दिसेल आणि सांधा मात्र दोन्हीकडून आवळला जात असेल. ईएमजीचे, म्हणजे स्नायूतली वीज टिपणारे, पॅच लावून कुठला स्नायू कधी चालू झाला ते कळतं, पण किलोत किती ते सरळ कळत नाही.

मग खरं उत्तर कोणाकडे? बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलच्या टीमने खुबा आणि गुडघा बदलायच्या ऑपरेशनमध्ये, पेशंटच्या संमतीने, असे कृत्रिम सांधे बसवले की ज्यांच्या आतच बल मोजणारे सेन्सर आणि वायरलेस आहे. तो माणूस चालतो आणि त्याचा सांधा आतून स्वतःचा भार सांगतो. सावकाश चालताना खुब्यावर वजनाच्या साधारण 2.4 पट निघालं. आपण वर पेन्सिलीने काढलेलं अडीच पट आठवा! एका पेशंटचा पाय अडखळला, पडला नाही, नुसता तोल सावरला, तर त्या क्षणी आकडा आठ पटींच्या वर गेला, सगळे स्नायू एकदम आवळले गेले म्हणून. पाय अडकेल असं पायपुसणं किंवा वायर घरात असू नये असं सांगतात ते नुसतं पडण्यासाठी नाही.

गुडघ्याचे आकडे तर प्रत्येकाने वाचावेत. चालताना वजनाच्या साधारण 2.6 पट, जिना चढताना 3.2 पट, उतरताना 3.5 पट, खुर्चीतून उठताना एकेका गुडघ्यावर अडीच पट. आणि दोन पायांवर नुसतं स्वस्थ उभं राहिलं तरी एका गुडघ्यावर जवळपास अख्ख्या वजनाएवढा भार, निम्मा नाही, कारण उभं राहायला पण स्नायू दोन्ही बाजूंनी दोर ताणून धरतात. वजन कमी करा म्हणून डॉक्टर मागे लागतात त्याचं कारणही इथेच आहे. 2005 मध्ये अमेरिकेत गुडघेदुखीच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात शरीराचं वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो असं दिसलं. दिवसाला एका पायाने दोन हजार पावलं टाकत असाल तर तेवढ्या वेळा चार किलो.

हे सगळं फक्त म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी नाही. बोलर कोपर किती सरळ करतो ते याच गोळ्या-कॅमेऱ्यांनी मोजतात, आयसीसीने 15 अंशांची मर्यादा घातली ती नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही म्हणूनच. आणि 1968 मध्ये जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवलेला जयपूर फूट मला याच विषयातला सगळ्यात सुंदर नमुना वाटतो. तेव्हाचे परदेशी कृत्रिम पाय बुटात घालून सपाट रस्त्यावर चालायला बनवलेले, घोट्यात ताठ. आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, शेतातल्या चिखलात, बांधावर. उकिडवं बसायला घोटा बराच वाकायला लागतो, नाहीतर गुरुत्वमध्य टाचेच्या मागे जातो आणि माणूस मागे कोलमडतो. रबराचा, सगळीकडून वाकणारा पाय त्यांनी बनवला, आणि लोक पुन्हा शेतात गेले.

घरी आम्ही जे बदललं ते सगळं या गणितातूनच आलं. आईची खुर्ची चार इंच उंच केली, कारण खुर्ची जितकी बुटकी तितका उठताना मांडीचा भाग आडवा आणि भारभुजा लांब. उठताना पाय आधी मागे घ्यायचे, छाती पुढे आणायची, मग उठायचं, असं तिला मॅडमनी शिकवलं, म्हणजे गुरुत्वमध्य पावलांच्या वर येतो आणि गुडघ्याला कमी ओढावं लागतं. काठीची उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत, म्हणजे धरताना कोपर थोडं वाकलेलं राहतं आणि खाली दाबता येतं. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे. तुमच्या घरी कोणाचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्यांच्या फिजिओला विचारूनच करा, आजार वेगळा असला की सल्ला बदलतो.

राहिला जिना. आमच्याकडे पहिल्या मजल्यावर जायला सतरा पायऱ्या आहेत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. आईला हे लक्षात राहायचं नाही, नेहमी गडबड व्हायची, मग मी तिला पाठ करायला न सांगता कारण सांगितलं. चढताना जो पाय वरच्या पायरीवर जातो तोच अख्ख्या शरीराला वर उचलतो, म्हणून तो डावा. उतरताना उलट, जो पाय वर मागे राहतो तोच वाकत वाकत शरीराला हळूहळू खाली सोडतो, सगळं काम त्याचं, म्हणून मागे राहायचा तो डावा, आणि उजव्याने फक्त खाली जाऊन वाट बघायची. दोन्ही वेळा काम डाव्याचं. आई पहिल्या पायरीवर थांबली, डाव्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "म्हणजे वर जाताना पण हाच, खाली येताना पण हाच." मग एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी धरून सतरा पायऱ्या उतरली, मध्ये एकदाही न विचारता.